शाळेत बालहक्क शिकवताना: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

शिक्षकांची प्रशिक्षणं असोत की पालकसभा, काही प्रश्न ठरलेले असतात. काही खऱ्या कुतूहलातून येतात, काही भीतीतून, तर काही थोड्या रागातून. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांचं वजनही सारखं नाही.

बालहक्क म्हणजे नेमके कोणते हक्क?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता मंजूर केली. २ सप्टेंबर १९९० पासून ती अमलात आली. तिच्यात एकूण ५४ कलमं आहेत. मुलांचे हक्क पहिल्या ४१ कलमांत येतात आणि उरलेल्या कलमांत अंमलबजावणी कशी करायची ते सांगितलं आहे. साधारणपणे अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल, ही तिची व्याख्या.

शाळेशी थेट संबंध येणारी कलमं शिक्षकाला तोंडपाठ असावीत असं मला मनापासून वाटतं. कलम २ म्हणतं, कुठल्याही मुलाशी भेदभाव नको. कलम ३ म्हणतं, मुलांबाबतच्या प्रत्येक निर्णयात त्यांच्या हिताला प्राधान्य हवं. कलम १२ मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते मत वय व समज पाहून गांभीर्याने घेतलं जाण्याचा हक्क देतं. कलम १९ हिंसेपासून संरक्षण देतं. कलम २८ शिक्षणाचं आहे. त्यातच शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का न लावणारी असावी असं म्हटलं आहे, आणि नेमका तेवढाच भाग वाचायचा राहून जातो. कलम २९ शिक्षण कशासाठी ते सांगतं. कलम ३१ विश्रांतीचं आणि खेळाचं.

ही संहिता मुलांना कशाला सांगायची? मोठ्यांनी पाळली की झालं, नाही का?

नाही. कलम ४२ नुसार संहितेतली तत्त्वं आणि तरतुदी मोठ्यांना आणि मुलांनाही सक्रियपणे कळवण्याची जबाबदारी प्रत्येक सदस्य राष्ट्राने स्वीकारली आहे. म्हणजे आपल्याला कोणते हक्क आहेत हे कळणं हेही मुलाचं हक्काचंच आहे.

यामागे मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलांचे फोटो छापलेली पत्रकं लंडनमध्ये वाटल्याबद्दल ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांना १९१९ मध्ये अटक झाली होती. त्यांनी पुढे मुलांसाठी पाच कलमी जाहीरनामा लिहिला आणि राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, तो १९२४ मध्ये स्वीकारला. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अधिक सविस्तर जाहीरनामा काढला. पण या दोन्हींची भाषा मोठ्यांनी मुलांसाठी काय करावं अशी होती. त्यांत मूल घेणाऱ्याच्या जागी आहे, बोलणाऱ्याच्या नाही. १९८९ च्या संहितेत ते बदललं. बंधनकारक संहिता हवी हा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडने मांडला होता, आणि पोलंडनेच तो मांडावा यात मला नवल वाटत नाही. कारण तिथे यानुश कोर्चाक होऊन गेले होते.

कोर्चाक हे डॉक्टर. १९१२ पासून ते वॉर्सातलं अनाथालय चालवत. तिथे मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलं, तक्रार करणारी मुलं, आणि तक्रार मोठ्यांविरुद्धही करता येत असे. कोर्चाक स्वतः त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. न्यायालयाच्या नियमावलीतली बहुतेक कलमं माफीची होती! ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा कोर्चाक त्यांच्यासोबत गेले. बालहक्क ही कार्यालयात बसून शोधलेली कल्पना आहे असं कुणी म्हटलं की मी हा माणूस आठवायला सांगते.

जगात सगळीकडे हा शाळेतला सक्तीचा विषय आहे का?

नाही. संहिता १९६ देशांनी स्वीकारली आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अनुमोदन, म्हणजे ती स्वतःवर बंधनकारक असल्याची अंतिम मान्यता, आजवर दिलेलं नाही. संहिता मान्य असणं वेगळं आणि ती वर्गात पोचणं वेगळं. ती पोचवण्याचे मार्ग देशोदेशी निराळे आहेत.

ब्राझीलने सरळ कायदा केला. १९९० मध्ये तिथे बालक आणि किशोरांचा कायदा झाला होता. २००७ मध्ये शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून, प्राथमिक ते माध्यमिकच्या पहिल्या टप्प्यापर्यंतच्या अभ्यासक्रमात मुलांच्या हक्कांचा आशय या कायद्याला धरून असलाच पाहिजे असं बंधन घातलं.

वेल्सने वेगळी वाट घेतली आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. तिथल्या २०२१ च्या अभ्यासक्रम कायद्याने, शिकवणाऱ्यांमध्ये बालहक्क संहितेचं ज्ञान आणि समज वाढवण्याचं कर्तव्य शाळांवर टाकलं. आधी शिक्षकाला कळू दे, मग मुलांपर्यंत जाईल, असा हा क्रम. आपण बहुधा उलटं करतो. पाठ्यपुस्तकात धडा घालतो आणि तो शिकवणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो.

स्कॉटलंडमध्ये संहिता १६ जुलै २०२४ पासून देशांतर्गत कायद्याचा भाग झाली. स्वीडनमध्ये ती १ जानेवारी २०२० पासून कायदा आहे, नॉर्वेत २००३ पासून. ब्रिटनमध्ये युनिसेफचा हक्कांचा आदर करणाऱ्या शाळांचा पुरस्कार-कार्यक्रम २००६ पासून चालू आहे. त्यात कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या असतात.

जपानचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९९४ मध्ये संहितेला मान्यता दिली, तरी शाळांचे जाचक नियम चालूच राहिले. केस काळेच हवेत, जन्मतः तपकिरी असतील तर तसा दाखला आणा, इथपर्यंत. त्याच देशात कावासाकी शहराने मात्र २००१ पासून स्वतःचा बालहक्क अध्यादेश लागू केला होता. २०२२ च्या एप्रिलपासून तोक्यो महानगर प्रशासनाच्या शाळांनी केसांच्या रंगाच्या सक्तीसारखे नियम काढून टाकले आणि १ एप्रिल २०२३ पासून देशभर मुलांसाठीचा मूलभूत कायदा आला. म्हणजे मान्यतेपासून केसांपर्यंत यायला जवळपास तीन दशकं गेली.

भारतात काय स्थिती आहे?

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संहिता स्वीकारली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. कलम २९ म्हणतं की मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं, असा अभ्यासक्रम हवा. शब्द उत्तम आहेत. कलम १७ मधले 'मानसिक छळ' हे दोन शब्द शिक्षकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून, त्यात काय काय येतं याची यादी शिक्षकांकडूनच करून घ्या, असं मी नेहमी सुचवते. अपमानकारक टोपणनावं, गुण मोठ्याने वाचून दाखवणं, वर्गाबाहेर उभं करणं. यादी झाली की खोलीत शांतता पसरते.

स्वतंत्र तासिका ठेवायची की इतर विषयांतून शिकवायचं?

दोन्ही चालतं, पण दोन्ही अपुरं आहे. मानवी हक्क शिक्षणाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २०११ चा जाहीरनामा तीन गोष्टी सांगतो: हक्कांविषयी शिकवणं, हक्कांचा मान राखत शिकवणं आणि हक्क वापरता यावेत म्हणून शिकवणं.

पहिली गोष्ट तासिकेत बसते. तिसरी प्रकल्पांत, बालसभेत, तक्रार करण्यात बसते. दुसरीला मात्र वेळापत्रकात रकाना नाही. ती सकाळी फाटकाशी उशिरा आलेल्या मुलाशी आपण कसं बोलतो तिथे सुरू होते आणि शाळा सुटेपर्यंत चालू राहते. सगळी गोम तिथेच आहे. फळ्यावर कलम १२ लिहिलेलं असताना प्रश्न विचारणाऱ्या मुलीला 'शहाणपणा पुरे' म्हटलं, तर त्या दिवशी वर्गाने काय शिकलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, हेच. आणि मुलं ते विसरत नाहीत.

संहितेच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००१ मध्ये शिक्षणाच्या उद्दिष्टांवर भाष्य करताना म्हटलं होतं की शाळेच्या फाटकातून आत गेल्यामुळे मुलं आपले मानवी हक्क गमावत नाहीत. जवळपास हाच विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मांडला होता. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत आले आणि त्यांना निलंबित केलं गेलं. त्यातली मेरी बेथ टिंकर तेव्हा तेरा वर्षांची होती. न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या देशाने संहितेला अनुमोदन दिलेलं नाही, तिथलाच हा निकाल मी वर्गात आवर्जून सांगते; आठवी-नववीच्या मुलांना तो चटकन कळतो.

लहान मुलांना हे झेपतं का?

झेपतं, कलमांच्या आकड्यांशिवाय. पहिली-दुसरीतल्या मुलांना अन्याय म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असतं. 'ह्याला दोनदा, मला एकदाही नाही' हे वाक्य कलम २ च्या अगदी जवळचं आहे.

तिसरी-चौथीपासून कार्डांचा खेळ उत्तम चालतो. वीसेक कार्डं करायची. एकेकावर पिण्याचं पाणी, सायकल, औषधं, मोबाइल, खेळायला जागा, मिठाई, मत मांडता येणं, स्वतःची खोली, मार न मिळणं, नवे कपडे, शाळा असं लिहायचं किंवा चित्र काढायचं. चार-चार मुलांचा गट करायचा. सांगायचं, तुम्ही एका फुग्याच्या टोपलीत बसून चालला आहात आणि फुगा खाली येतोय, सहा कार्डं फेका. मोबाइल, मिठाई पटकन जातात. मग सांगायचं, अजून चार फेका. इथे खरी मजा सुरू होते. 'खेळायला जागा' आणि 'शाळा' यांच्यावरून भांडणं होतात. कुणीतरी 'मत मांडता येणं' फेकायला निघतं आणि दुसरं कुणी म्हणतं, ते फेकलं तर पुढचं काय फेकायचं हे तू कसं सांगणार? प्रत्येक वर्गात असं घडेल असं नाही, पण घडतं तेव्हा शिक्षकाने तोंडातून शब्द काढू नये.

शेवटी उरलेली कार्डं फळ्यावर लावायची. हवंहवंसं वाटणं आणि हक्क असणं यांतला फरक मुलांनी स्वतः हाताळलेला असतो. मग सांगायचं की जगातल्या कुठल्याही मुलाला यातलं एकही कार्ड फेकावं लागू नये, म्हणून ही संहिता आहे. ही शेवटची पायरी वगळू नका. नाहीतर हक्क एकमेकांच्या बदल्यात सोडता येतात, असा उलटा धडा मुलं घेऊन जातील.

हक्कांबरोबर कर्तव्यंही शिकवायला नकोत का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा तो चांगल्या हेतूने येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दुसऱ्याच्या हक्काचा मान राखायचा, हे हक्कांच्या कल्पनेतच आहे. मला बोलण्याचा हक्क आहे तसा शेजारच्यालाही आहे, म्हणून मी त्याचं ऐकायला हवं. इतकं कर्तव्य मुलांना लगेच पटतं आणि ते शिकवायलाच हवं. आफ्रिकेच्या १९९० च्या बालहक्क सनदेत तर मुलांच्या जबाबदाऱ्यांचं वेगळं कलमच आहे, कलम ३१. कुटुंब, समाज आणि देश यांच्याप्रति मुलानं काय करावं ते तिथे लिहिलं आहे, आणि ते करतानाही मुलाचं वय व क्षमता लक्षात घ्यावी असं बजावलं आहे.

गडबड होते ती सौद्याची भाषा शिरल्यावर. भिंतीवर तक्ता असतो: डाव्या बाजूला 'मला शिकण्याचा हक्क आहे', उजव्या बाजूला 'मी गृहपाठ वेळेवर करीन'. दिसायला छान. पण मूल तो तक्ता कसा वाचतं? गृहपाठ केला तर शिकण्याचा हक्क, नाही केला तर गेला. 'मला सुरक्षित राहण्याचा हक्क आहे' याच्यासमोर 'मी नीट वागेन' लिहिलं, तर ज्या मुलाला घरी मार बसतो त्याला वाटणारच की आपण नीट वागलो नाही म्हणून मार बसला. यापेक्षा घातक गोष्ट शाळा शिकवू शकत नाही. हक्क हे बक्षीस नव्हे आणि वागणूक बिघडली म्हणून ते जप्त होत नाहीत. वर्गातली सर्वांत त्रास देणारी मुलगीही कलम १९ च्या संरक्षणाखालीच असते.

तक्त्याची उजवी बाजू ठेवायचीच असेल तर तिथे मोठ्यांची नावं घाला. मुलाला शिकण्याचा हक्क, म्हणून शिक्षक वेळेवर वर्गात येतील. मुलाला सुरक्षित राहण्याचा हक्क, म्हणून शाळेत कुणी हात उगारणार नाही. संहितेत जबाबदारी घेतली आहे ती सरकारांनी, आणि शाळा हा त्यांचाच हात आहे.

हक्क शिकवले तर मुलं डोक्यावर बसतील, त्याचं काय?

ही भीती खरी आहे. तिला हसून उडवून लावू नये.

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात या शतकाच्या सुरुवातीला हक्क, आदर आणि जबाबदारी या सूत्रावर शाळा चालवण्याचा मोठा प्रयोग झाला. कॅनडाच्या केप ब्रेटन विद्यापीठातल्या कॅथरीन कोव्हेल आणि ब्रायन हाव यांनी काही वर्षं त्याचा अभ्यास केला. ज्या शाळांनी तो पूर्णपणे राबवला, तिथल्या मुलांचा शाळेतला सहभाग आणि वागणूक सुधारली. शिक्षकांचा थकवाही कमी झालेला दिसला. अर्धवट राबवणाऱ्या शाळांत तितका फरक दिसला नाही. पोस्टर लावून मोकळं होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरी बाजू दक्षिण कोरियाची. ग्योंगी प्रांताने २०१० मध्ये आणि सोलने २०१२ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानवी हक्कांचे अध्यादेश काढले. मारहाण, केसांवरची बंधनं, भेदभाव यांना त्यांनी चाप लावला. २०२३ च्या उन्हाळ्यात सोलमधल्या एका तरुण प्राथमिक शिक्षिकेच्या मृत्यूनंतर हजारो शिक्षक रस्त्यावर उतरले. पालकांच्या अतिरेकी तक्रारी आणि खोट्या आरोपांची भीती यांनी आपण पिचलो आहोत असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायदे झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सोलच्या नगर परिषदेने विद्यार्थी हक्कांचा अध्यादेश रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

या शिक्षकांचं दुःख मला अगदी जवळचं वाटतं. तरीही तिथला दोष मुलांच्या हक्कांवर टाकणं मला पटत नाही. एकट्या शिक्षिकेवर सगळ्या तक्रारींचा मारा होतो आणि तिच्या पाठीशी शाळा उभी राहत नाही, ही व्यवस्थेची हार आहे. शिक्षकाच्या प्रतिष्ठेचं भान न ठेवणारी शाळा मुलांच्या प्रतिष्ठेविषयी शिकवायला बसली, तर तिचा आवाज पोकळच येणार. म्हणून मुलांच्या हक्कांचा आराखडा करताना त्याच कागदावर शिक्षकाचंही लिहा: तक्रार आली तर चौकशी कोण करेल, तोवर शिक्षकाशी कसं वागायचं, त्याचं म्हणणं कोण ऐकेल.

ज्या शाळेत अजून छडी चालते, तिथे बालहक्क शिकवण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण सुरुवात छडीपासून करावी लागेल. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९६ च्या शाळा कायद्यातच शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये शाळेतला मार घटनाबाह्य ठरवायला नकार दिला आणि तिथल्या काही राज्यांत तो आजही कायदेशीर आहे. बंदी असलेल्या देशांतही मार थांबलेला नाही, हे आपण सगळेच जाणतो. अशा शाळेत मुलांना कलम १९ शिकवून, तक्रार करायला कुठलीच सुरक्षित जागा न देणं, म्हणजे त्यांना एकटं पाडणं. आधी मुख्याध्यापकांशी, मग सहकाऱ्यांशी बोला. धडा त्यानंतर.

आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ आहे. तेवढं पुरे का?

मंत्रिमंडळाच्या मागच्या बैठकीनंतर शाळेत कोणती गोष्ट बदलली? उत्तर सुचलं नाही, तर ती बैठक शोभेची होती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये कलम १२ चे चार भाग मांडले: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारा माणूस आणि त्या बोलण्याचा परिणाम. शाळा पहिल्या दोहोंशी थांबतात. निवडणूक होते, बिल्ला मिळतो, भाषण होतं, आणि पाण्याच्या टाकीचा नळ गळतच राहतो.

कोलंबियात १९९४ च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक शाळेत एक निवडून आलेला विद्यार्थी-प्रतिनिधी ठेवला. तो शेवटच्या इयत्तेतला असतो. वर्ग सुरू झाल्यावर महिन्याभरात सगळे विद्यार्थी त्याला मतदानाने निवडतात, आणि विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी व कर्तव्यांसाठी उभं राहणं हेच त्याचं काम. विद्यार्थी त्याच्याकडे तक्रार घेऊन जाऊ शकतात आणि तो ती मुख्याध्यापकांपुढे मांडू शकतो. दक्षिण आफ्रिकेत आठवी आणि त्यापुढच्या वर्गांतल्या मुलांची प्रतिनिधी परिषद असते. तिचे सदस्य शाळेच्या नियामक मंडळात बसतात, म्हणजे पैसे कुठे खर्च होतात ते मुलांच्या डोळ्यांसमोर ठरतं.

वर्गात साठ-सत्तर मुलं आहेत, साधनं नाहीत. हे श्रीमंत देशांचे चोचले नाहीत का?

कोलंबियातल्याच 'नव्या शाळे'च्या चळवळीचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात व्हिकी कोल्बेर्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ग्रामीण भागातल्या, एकाच शिक्षकावर अनेक इयत्ता सोपवलेल्या शाळांमध्ये उभी केली. मुलांच्या समित्या आणि मुलांचं सरकार हे त्या शाळांच्या रोजच्या कामाचा भाग होते. हात कमी होते, म्हणूनच मुलांना सोबत घ्यावं लागलं.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या शिक्षणक्षेत्रातल्या लोकांसाठी बालहक्कांचं प्रशिक्षण बरीच वर्षं चालवलं. त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: प्रत्येक देशातून तिघांचा गट यायचा, एक शाळेतला, एक मधल्या पातळीवरचा आणि एक वरच्या प्रशासनातला. परत गेल्यावर तिघांनी मिळून एक बदल घडवून आणायचा. एकट्या उत्साही शिक्षकाचं काय होतं हे आपण पाहिलं आहे. बदली झाली की सगळं जागच्या जागी.

पालकांचा विरोध झाला तर?

पालकांना आधी बोलवा. संहितेचं कलम ५ पालकांच्या मार्गदर्शनाचा हक्क मान्य करतं, हे त्यांना वाचून दाखवा. बहुतेकांना ते ठाऊक नसतं. स्वीडनने १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा घरातल्या मारहाणीवरही बंदी घातली. त्या वेळी कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर ती पालक आणि मुलं दोघांसमोर एकाच वेळी आली. आपण मुलांना एक आणि पालकांना दुसरं सांगतो, आणि संशय तिथूनच सुरू होतो.

धडा संपल्यावर एखादं मूल येऊन घरी होणाऱ्या छळाबद्दल सांगू लागलं तर?

असं होतं. हा विषय शिकवणार असाल तर त्यासाठी तयार राहा. तयारी नसेल तर आधी ती करा.

शांतपणे ऐका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही आणि मुलाला दुसऱ्यांदा फसवलं गेल्यासारखं वाटेल. त्याऐवजी म्हणा, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच मी हे सांगणार आहे.' खोदून खोदून विचारू नका, शब्द तोंडात घालू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लगेच लिहून ठेवा. घरी फोन करून 'खरं आहे का?' असं तर मुळीच विचारू नका. भारतात मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. इतर देशांत नियम वेगळे असतील. आपल्याकडचा नियम आणि फोन क्रमांक धड्याच्या आधी शिक्षकाच्या वहीत असायला हवा.

ऑनलाइन जगातही हे हक्क लागू होतात का?

हो. संहितेच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २०२१ मध्ये डिजिटल परिसरावर स्वतंत्र भाष्य काढलं आहे. शाळेपुरतं सांगायचं तर मुलांचे फोटो, गुण आणि हजेरी पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी कलम १६ वाचा. ते खासगीपणाचं आहे.

सुरुवात नेमकी कशाने करू?

शाळेच्या नकाशाने. कोऱ्या कागदावर इमारत, मैदान, जिने, स्वच्छतागृहं यांचा साधा आराखडा काढून मुलांना द्या, नाव लिहायला सांगू नका. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा खडू, जिथे भीती वाटते किंवा जावंसं वाटत नाही तिथे लाल. वीस मिनिटं पुरतात. मग सगळे कागद एकत्र लावा.

मी एका वर्गाबरोबर हे केलं तेव्हा मैदान हिरवंगार झालं होतं आणि लाल खडू एकाच कोपऱ्यात जाड झाला होता: मुलींचं स्वच्छतागृह. कारण विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, दाराला आतून कडी नाही, म्हणून एक जण आत गेली की दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं, आणि मैत्रीण आली नसेल तर दिवसभर जायचंच नाही. शाळेतल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

तो कागद घेऊन चार मुली मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी दाराबाहेर थांबले. चौथ्या दिवशी कडी बसली, आणि मधल्या सुट्टीत मुलींनी एकेकीने आत जाऊन ती लावून पाहिली.